चार बोटांची फट

काच वर आली, वर आली, आणि चार बोटं राहिली असताना थांबली. मोटारीच्या दाराच्या पोटात खोल कुठेतरी घूं घूं चाललं होतं, मग तेही बंद पडलं. राजकुमारीनं बटणावरचा अंगठा काढला नाही. अंगठा काढला तर बिघाड झाला असं ठरेल, आणि दाबून ठेवला तर तो अजून व्हायचा आहे, असं काहीतरी खुळं तिच्या मनात आलं. त्या चार बोटांच्या फटीतून पौषातली सकाळ आत शिरली. ओलं धुकं, खळ्यावरच्या तणसाचा वास, लांब सडकेवर घसा खाकरणारा एखादा ट्रक, सगळं एकदम तिच्या कानशिलाशी येऊन बसलं. एवढा वेळ आत नुसती ऊब होती. कातडी गादीचा वास होता, पेट्रोलचा वास होता, आणि पहाटेपासून मनात लाह्या फुटत होत्या त्या होत्या. नवल म्हणजे लाह्या आताही फुटतच राहिल्या. घाबरायला हवं होतं, ती घाबरलीही. पण भीती आणि आनंद यांनी आज एकच चूल मांडली होती, आणि कोणतं भांडं कोणाचं ते तिला सांगता आलं नसतं.

काच खाली केली होती तिनंच. कोणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती. नवरा, रूपलाल, पुढे बॉनेट उघडून पाणी बघत होता, सासरे अजून ओट्यावर आले नव्हते, आणि हाताशी ते चकाकणारं बटण होतं. बटण एकीकडे दाबलं की काच आपसूक खाली जाते आणि दुसरीकडे दाबलं की वर येते, हे गेलं दीड वर्ष तिनं माजघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. गावातली पोरं तर सुरुवातीला त्यासाठीच अंगणात गोळा व्हायची. रायपूरकडच्या कोणा जमीनदारानं हौसेनं आणवलेली आणि हौस फिटल्यावर विकलेली ही अमेरिकन मोटार रूपलालनं घरी आणली, त्या दिवसापासून ती पुरुषांची होती. बायका रेंगीतून, छोट्या बैलगाडीतून जात, रेंगीला तट्टा आणि तट्ट्याला पडदा. आज राजकुमारी पहिल्यांदा आत बसली होती, एकटी, मागच्या गादीवर, सासरे बसायचे त्याच कोपऱ्यात. मग बटण कोण नाही दाबणार? काच सरसर खाली गेली होती, लोण्यातून सुरी जावी तशी, आणि तिला इतकं हसू आलं होतं की तिनं पदर तोंडात धरला होता. आता तोच पदर ती दातांत चावत होती.

कारण सगळं या काचेवर ठरलं होतं. गावात मुलींची शाळा निघायची होती. जागा सासऱ्यांनी दिली होती. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तरी तिची कचेरी उरली होती, बैठकीच्या बाजूची लांबोडी खोली, तीच त्यांनी झाडून शाळेला दिली. पण शिकवायला बाई मिळेना. गोंदियाची कोणी या आडगावात यायला तयार नव्हती, आणि बाई नसेल तर शाळा दुसऱ्या गावाला जाणार होती. तेव्हा रूपलालनं जेवताना, भाताच्या ढिगाकडे बघत, आपल्या घरात सातवी पास बाई आहे असं म्हटलं. सासऱ्यांनी, लखनलालनी, त्यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी निवाडा दिला. कचेरी घराचाच भाग आहे, तेव्हा सुनेनं तिथं शिकवलं तर ती बाहेर गेली असं होत नाही. पण गोंदियाला शाळाखात्याच्या साहेबांपुढे मुलाखतीला जावं लागेल त्याचं काय, असं रूपलालनं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, मोटारीच्या काचा बंद, आतून पडदा ओढलेला, म्हणजे बाई घरातच बसली. घर चालून राहिलं, एवढंच. आणि एकही काच उघडी राहिली तर मग ते घर नाही, सडक आहे, आणि सुनेनं सडकेवर जायचं नाही. एवढं बोलून त्यांनी हात धुतले. राजकुमारीनं दाराआडून ते ऐकलं आणि तिला वाटलं होतं, एवढंच ना? काच तर बटणानं बंद होते.

धुक्यातून रूपलाल मागे आला. फट बघितली, मग तिच्याकडे बघितलं, आणि रागावण्याऐवजी त्याचे डोळे चमकले. या माणसाला मोटार चालवण्यापेक्षा ती बिघडण्यात जास्त गोडी होती. तो पुढच्या सीटवर बसला आणि स्वतःशीच, म्हणजे तिला ऐकू जाईल असा, बोलत सुटला. चालकाच्या दारावर सगळ्या काचांची बटणं होती. त्यानं पलीकडची काच खालीवर केली. ती मुकाट्यानं गेली आली. म्हणजे बॅटरीला काही झालेलं नाही. ही काच खाली केली तर निमूट खाली गेली. वर बोलावली तर परत घूं घूं, परत चार बोटं. म्हणजे तारही शाबूत, फ्यूजही शाबूत, दारातली छोटी मोटरही जिवंत. बिचारी जोर लावते, दमते, गप्प बसते, आणि जरा वेळानं पुन्हा कामाला लागते. मग उरलं काय, असं तो म्हणाला, आणि उत्तर सापडलं असतं तर त्याला वाईटच वाटलं असतं अशा आवाजात म्हणाला. राजकुमारी त्याच्या मागोमाग एकेक गोष्ट मनात खोडत होती. मांडीवरच्या लुगड्यावर ती बोटानं रेघा मारत होती आणि तिला माहेरची, चिचगडची शाळा आठवत होती, कवेलूच्या छपराची, पावसाळ्यात गळणारी, जिथं गुरुजी गणित घालायचे आणि उत्तर आलं की उभं राहून ओरडायची मुभा असायची. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडायची.

तिचा आवाज म्हणजे तेव्हा एक प्रकरण होतं. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की पोपटांचे थवे भाताच्या बांधीवर उतरत, आणि तिचा बाप माळ्यावर गोफण घेऊन बसायचा. पण गोफणीपेक्षा पोरीच्या हाळीनं पोपट लवकर उठतात असं तो सगळ्यांना सांगायचा. एका बांधावरून ती ओरडायची आणि जंगलाच्या कडेपर्यंतचं रान जागं व्हायचं. तो आवाज तिच्या छातीतून निघायचा तेव्हा बरगड्या थरथरायच्या, टाचा जमिनीत रुतायच्या, आणि नंतर थोडा वेळ अंग हलकं होऊन जायचं. लग्न होऊन इथं आली त्याच आठवड्यात विहिरीवरून तिनं कोणाला तरी हाक मारली होती. सासूबाई तेव्हा होत्या. त्या चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला जवळ बसवून, पाठीवर हात फिरवून त्यांनी सांगितलं की सुनेचा आवाज माजघरात राहावा. आणि राहिला. इतका राहिला की आता तिला स्वतःलाच तो सापडत नव्हता. सासऱ्यांशी तर सून बोलतच नाही. त्यांना काही सांगायचं झालं तर घरातला जुना सालदार गडी बकाराम मध्ये उभा. ती कुजबुजून बकारामला सांगणार, बकाराम दोन पावलांवरच्या म्हाताऱ्याला तेच मोठ्यानं सांगणार, आणि म्हातारा ते नव्यानं ऐकल्यासारखं करणार. गेल्या पंधरा दिवसांत तिनं चुलीपुढे बसून पाढे म्हणून पाहिले होते, नकाशातल्या नद्या म्हणून पाहिल्या होत्या. सगळं येत होतं. पण सगळं ओठांच्या आतल्या आतच येत होतं, आणि साहेब टेबलाच्या पलीकडे बसणार होते. शाळा जाईल ही भीती होतीच. त्याहून खोल भीती ही होती की ती तोंड उघडेल आणि आत काहीच नसेल.

लखनलाल ओट्यावर आले. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी फट बघितली. ओट्याच्या कडेला काठी टेकून उभे राहिले, आणि त्यांचं ते उभं राहणं म्हणजे घड्याळच होतं. रूपलालनं घाईनं सांगितलं की जरासं अडलंय, होऊन जाईल. म्हातारा म्हणाला, "होईन तं जाईन. नाई होईन तं नाई जाईन." त्यात राग नव्हता. पण वेळही नव्हता. गोंदिया काही अंगणात नव्हतं. धुकं, वाटेतल्या बैलगाड्या, आणि साहेब तर दुपारच्या गाडीनं परत जाणार. मोटार आता निघाली तर पोचणार होती, आणि आता म्हणजे आताच.

तिनं फटीत बोट घातलं. का घातलं ते तिला ठाऊक नव्हतं. हात काहीतरी करायला मागत होता म्हणून. काच ज्या खाचेतून वर येते त्या खाचेतून तिचं बोट सरकलं आणि थबकलं. खाचेत काहीतरी होतं. ओलं नव्हतं, कोरडंही नव्हतं. मऊ, गार, दबणारं. तिनं नखानं जरासं खरवडलं. पिवळट काळं, धुळीनं कणकण झालेलं, नखात भरलं. तिनं ते नाकाशी नेलं, आणि नाकानं जे ओळखलं ते डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला, कारण तो वास स्वयंपाकघरातला होता आणि स्वयंपाकघर तर मागे राहिलं होतं. आज पहाटेच तिनं देवापाशी दिवा लावायला हे तेल काढलं होतं. मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल. उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहतं. पौषात बरणीत गोठून बसतं. ओततासुद्धा येत नाही, बोटानं खरवडून काढावं लागतं किंवा बरणी चुलीजवळ ठेवावी लागते. पहाटे ज्या बोटानं खरवडलं तेच हे बोट. पण मोटारीत टोळीचं तेल?

आणि मग तिला पोळ्याची आदली संध्याकाळ दिसली, इतकी लख्ख की ती गादीवरच ताठ झाली. खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे बकाराम पळसाच्या पानांनी शेकत होता, कोमट तूप आणि हळद, एकेका बैलाच्या कानाशी लागून "आज आवतन घे, उद्या जेवाले ये" असं म्हणत होता. बैल झाले, आणि मग त्यानं मोटारीकडे बघितलं. तीही तर वर्षभर राबली. तिला आवतण नाही दिलं तर तिला काय वाटेल, असं तो म्हणाला, आणि अंगणात हशा झाला, तरी बकाराम हसला नाही. मोटारीचा खांदा कोणता यावर थोडी चर्चाही झाली. शेवटी मालक, म्हणजे लखनलाल, जिथं कोपर टेकून बसतात ती दाराची कड, तिथं जास्त भार, तोच खांदा, असं ठरलं. लोखंडाला तूप कशाला म्हणून टोळीचं तेल कढत करून आणलं, हळद कालवली, आणि बकारामनं त्या एका दाराची कड इतक्या मायेनं शेकली की तेल काचेच्या कडेनं आत आत झिरपत गेलं. मग भादवा, मग कार्तिक, ऊन होतं तोवर काच पळत होती, उलट जास्तच पळत होती. आता पौष. आतलं तेल धूळ खाऊन, हळद खाऊन, थंडीनं बरणीतल्यासारखं बसलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. उत्तर आलं होतं. उभं राहून ओरडायचं होतं, आणि ती मोटारीत होती, डोक्यावर पदर होता, आणि ओट्यावर सासरे होते. तिनं फटीशी तोंड नेलं आणि बकारामला कुजबुजून बोलावलं. म्हातारा सालदार कान लावून उभा राहिला. खांदशेकणीचं तेल गोठलंय, चुलीवर तव्यावर कापडाचा धडपा गरम करून आण, ओला नको, कोरडाच, आणि दाराला शेक दे. असं तिनं सांगितलं. बकारामचा चेहरा पडला. आपण आवतण दिलं ते मोटारीला बाधलं, हे त्याला समजलं आणि फार लागलं. ती म्हणाली, बाधलं नाही, थंडीनं धरलंय, पुन्हा शेकलं की सोडेल. तेव्हा तो धावला. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

रूपलालला तिनं तेच सांगितलं आणि त्यानं मागे वळून खाचेत बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "खाच. अवो, खाचच तं राहिली होती मोजाची." आणि बॉनेट धाडकन लावून त्यानं गाडी चालू केली, बॅटरी उतरू नये म्हणून. इंजिन गुरगुरायला लागलं. तो चालकाच्या बटणावर वाकला. मागून एकसारखं दाबलं की दारातली मोटर लवकर दमत होती, आणि पुढून थांबत थांबत जोर देता येईल असं त्याचं म्हणणं. बकाराम धडपा आणत होता, दाराच्या कडेला दाबत होता, गार झाला की परत धावत होता. दारावर धुक्याचे थेंब होते ते वाफ होऊन उठायला लागले. गरम कापडाचा, टोळीच्या तेलाचा, हळदीचा वास आत भरला. मोटारीत पोळा आला, असं राजकुमारीच्या मनात आलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं. काच एक बोट सरकली. मग अर्धं. मग थांबली. तिचं सगळं अंग त्या काचेबरोबर वर येत होतं. तिच्या नकळत ती गादीवरून उचलली जात होती. आयुष्यात इतका आनंद कशाचा झाला होता, ते तिला आठवेना, आणि अजून तर काहीच झालं नव्हतं.

बकाराम परत चुलीकडे गेला होता तेव्हा लखनलाल ओट्यावरून उतरले. पाहणं असह्य होऊन उतरले असावेत. कामाचा माणूस दुसऱ्याचं अर्धं काम बघत किती वेळ उभा राहणार? त्यांनी काठी मोटारीला टेकवली, फटीतून चारी बोटं आत घातली, काचेची कड धरली आणि वर ओढली. विहिरीचा दोर ओढावा तशी. पुढे रूपलालचं डोकं बटणावर वाकलेलं, इंजिनाची घरघर, त्याला मागचं काही दिसत नव्हतं. आणि त्याच वेळी तेलानं सोडलं. राजकुमारीला ते आधी ऐकू आलं, काचेखाली काहीतरी मोकळं झाल्याचा बारीक चुटका, आणि मग काच निघाली, कशाचीही वाट न बघता, वर. सासऱ्यांची बोटं काचेवर होती. जाड, सुरकुतलेली, चांदीची अंगठी घातलेली बोटं, तिच्या डोळ्यांपासून वीतभर. तिनं बकारामला शोधलं. बकाराम नव्हता. मध्ये कोणीच नव्हतं.

"मामाजी, बोटं काहाडा!"

ते तिच्या छातीतून निघालं. बरगड्या थरथरल्या, टाचा मोटारीच्या तळात रुतल्या. इंजिनाच्या वर, अंगणाच्या पलीकडे, खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उलगडणारी माणसं एकदम वळली. चिंचेवरचे बगळे उठले. लखनलालनी हात असा ओढला की जणू विस्तवातून काढला. आणि काच वरच्या रबरात जाऊन घट्ट बसली. मागे एक बारीक पिवळा थेंब खाली ओघळला. फट नव्हती. थंडी नव्हती. बाहेरचं जग एकदम मुकं झालं.

बंद काचेतून ती त्यांना बघत होती आणि ते तिला. पदर कधी मागे पडला होता कोण जाणे. लग्न झाल्यापासून त्यांनी तिचा चेहरा असा पाहिला नव्हता, आणि तिनंही त्यांचा. म्हाताऱ्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढलेला होता हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. काच लागली होती. पडदा ओढला की अट पुरी होणार होती. आणि त्याच घटकेला आपण ते मोडलं जे काचेहून मोठं होतं, असं तिला वाटलं; आता ते दार उघडून खाली उतर म्हणतील, आणि उतरावं लागेल. तरीही, आणि याची तिला लाज वाटली नाही, तिच्या अंगात ते हलकेपण पसरत होतं, पोपट उठल्यानंतरचं.

लखनलालनी काचेवर बोटाच्या पेरानं ठोकलं. खाली कर, अशी खूण केली. आता खाली केली तर पुन्हा वर येईल न येईल याची कोणाला खात्री? तिनं बटण दाबलं. काच सरसर खाली गेली.

त्यांनी आधी आपली बोटं चोळली. मग तिच्याकडे नाही, मोटारीच्या टपाकडे बघत, पण तिच्याशीच बोलले. बकारामकरवी नाही, रूपलालकरवी नाही. "साहेब विचारन तं असंच बोलजो," ते म्हणाले. "माजघरातलं नोको बोलजो. पोरींना मागच्या रांगेत आयकू आलं पाहिजे."

तिनं जोरात मान हलवली. रूपलालनं मागे वळून, बटणावर बोट ठेवून, काच लावू ना असं विचारलं. म्हातारा तोवर काठी उचलून ओट्याकडे निघाला होता. "काच कायची घेऊन बसला," तो पाठमोराच म्हणाला, "येळ होऊन राहिला."

मोटार अंगणातून निघाली. बकाराम गरम धडपा हातात घेऊन दारात उभा होता आणि काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या सडकेला लागले तेव्हा धुक्यात सूर्य नुसता तांबडा डाग होता. वारा सरळ तिच्या तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, केस विस्कटत होता. ती गोदावरीपासून नद्या म्हणायला लागली, वैनगंगेवर आली, आणि प्रत्येक नदी आधीच्या नदीपेक्षा मोठ्यानं येत होती. वाऱ्यात आपला शब्द ऐकायचा तर तेवढं लागतच होतं. रूपलालनं दोनदा मागे बघितलं. तिचे ओठ निळे पडले आहेत असं त्याला दिसलं असावं.

"काच लावू का वर? गारठून राहिली तू."

"नको," राजकुमारी म्हणाली. तो शब्द इतका खणखणीत आला की पुढचा बैलगाडीवाला मागे वळून बघायला लागला.